हेमाडपंत आणि पोटाचे चार भाग

हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत १३व्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री होते. आजचा बीड जिल्हा तेव्हा याच राज्यात होता. बाजरी त्यांनीच महाराष्ट्रात आणली, असे परंपरा मानते. राज्यकारभार सांभाळून त्यांनी वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’वर ‘आयुर्वेदरसायन’ हा विवरणग्रंथ लिहिला. पोटाचे दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि चौथा रिकामा ठेवावा, असे मूळ ग्रंथ सांगतो. आयबीएसमध्येही एकदम पोटभर जेवण्यापेक्षा वेळेवर, थोडे थोडे खाल्लेले बरे. बाजरीची भाकरी सोसते का, ते स्वतः पाहावे. शौचावाटे रक्त, वजनात घट किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.