चाचे कोण आणि सरखेल कोण?

इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख बहुधा समुद्रावरचा लुटारू म्हणूनच येतो. परकीयांनी मारलेला हा शिक्का आपल्याकडील काही पाठ्यपुस्तकांनीही दीर्घकाळ निमूटपणे स्वीकारला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला मराठ्यांचा इतिहास म्हणजे घोडदळाचा इतिहास वाटावा, यात नवल नाही. परंतु ज्या मुंबई बंदरातून पुढे वऱ्हाडचा कापूस जगभर गेला, त्या बंदराच्या गव्हर्नरांची झोप याच पुरुषाने उडविली होती.

तुकोजी आंग्रे यांचे हे पुत्र. औरंगजेबाच्या स्वारीने स्वराज्य होरपळत असता कोकणचे जलदुर्ग राखण्याची जबाबदारी त्यांनी पेलली आणि सिद्दोजी गुजर यांच्यानंतर आरमाराचे आधिपत्य व सरखेल हा किताब त्यांच्याकडे आला. छत्रपतींच्या घरातील कलहात ते प्रथम ताराबाईंच्या बाजूस होते. शाहूंनी धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यांना त्यांनी कैदही केले. अखेर १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी मुत्सद्देगिरीने त्यांना शाहूंच्या पक्षास वळविले. किल्ले आणि सरखेली त्यांच्याकडेच राहिली.

त्यांच्या सत्तेचा पाया होता दस्तक. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी गलबताने सरखेलांचा परवाना घ्यावा, न घेतल्यास ते जप्त व्हावे, असा हा दंडक. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने खुद्द मुंबईच्या गव्हर्नरांची नौका पकडली. त्या वेळी हाती लागलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीची मुक्तता तीस हजार रुपये घेऊन झाली. गुराबा आणि गलबते उथळ पाण्यात सहज वावरत. भरतीओहोटी, वारा आणि खाड्या यांची जाण हेच त्यांचे मोठे शस्त्र होते.

याला चाचेगिरी म्हणावयाचे, तर पोर्तुगीजांच्या परवानापद्धतीला काय म्हणावे? सोळाव्या शतकापासून ते हिंदी जहाजांना परवाने घ्यावयास लावीत होते. युरोपातील राजे तर खासगी जहाजांना शत्रूचा माल लुटण्याची लेखी सनद देत आणि पकडलेले जहाज त्यांच्या न्यायालयांत कायदेशीर लूट ठरे. ही प्रथा बंद करण्याचा करार पॅरिस येथे १८५६ मध्ये झाला. म्हणजे भेद कृतीत नव्हता, सनद कोणत्या राजाची एवढ्यापुरताच होता. कान्होजींची सनद छत्रपतींची होती.

बळाची कसोटीही झाली. गव्हर्नर बून यांच्या कारकिर्दीत इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर हल्ले केले, दोन्ही फसले. १७२१ मध्ये इंग्लंडहून आलेल्या चार युद्धनौका आणि पोर्तुगीज फौज यांनी मिळून कुलाब्यावर मोहीम केली. बाजीराव मदतीस धावून आले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि मोहीम कोलमडली. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी अलिबागेत निवर्तले, तेव्हा ते अजिंक्यच होते.

परंतु जे शत्रूला साधले नाही, ते घरच्या फुटीने साधले. सेखोजींच्या मृत्यूनंतर संभाजी आणि मानाजी या बंधूंत वाटणी होऊन एका आरमाराची दोन झाली. पुढे तुळाजी पेशव्यांना जुमानीनात. त्यांचा उद्दामपणा नाकारता येत नाही. तथापि त्यांना शिक्षा करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले. अपराधी सरदाराला शासन झाले खरे. पण इंग्रजांच्या वाटेतली भिंतही त्यासोबतच पडली.

स्वतंत्र भारताने मुंबईच्या नाविक तळाला आंग्रे यांचे नाव देऊन जुन्या अन्यायाचे परिमार्जन केले. सरखेलांना चाचे म्हणणे आता तरी थांबावे. मात्र त्यांचा गौरव करताना १७५६ची ती आग झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. घरचा तंटा मिटविण्यासाठी परक्याला बोलावले, तर तो तंट्याबरोबर घरही घेऊन जातो.