न्यायमूर्ती रानडे आणि शेतकऱ्याचे कर्ज

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा सगळा राग कर्जाच्या कागदांवर होता. हाती लागले ते कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. कर्ज, मुदत, वसूल, जप्ती हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ठाऊक आहेत. त्या शेतकऱ्यांना ते अनुभवाने ठाऊक होते.

महादेव गोविंद रानडे त्या वेळी पुण्यात न्यायाधीश होते. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे ते एम. ए. व एलएल. बी. झाले. कायद्याइतकाच त्यांना अर्थशास्त्राचाही नाद होता.

न्यायालयात तेव्हा काय घडत असे? समजा, एका शेतकऱ्याने ५० रुपये कर्ज घेतले. शेकडा २४ दराने तीन वर्षांचे व्याज ३६ रुपये झाले. १८५९ च्या कायद्याने दावा लावण्याची मुदत कमी केली होती. हेतू चांगला होता, पण मुदत संपत आली की सावकार ८६ रुपयांचा नवा रोखा लिहून घेई आणि पुढचे व्याज ८६ रुपयांवर धरी! शेतकरी निरक्षर, तो अंगठा उठवी. दावा लागला की न्यायालय कागद पाही, अंगठा पाही आणि हुकूमनामा देई. दोघांनी राजीखुशीने करार केला, असेच कायदा समजत असे.

रानडे यांना हे पटत नव्हते. सारा भरण्याची तारीख डोक्यावर आलेली असताना कर्ज मागणारा माणूस सावकाराशी बरोबरीने कसा बोलेल? इंग्लंडातील अर्थशास्त्राचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा विचार त्यांनी १८९२ साली पुण्यातील व्याख्यानात सविस्तर मांडला.

सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. आता न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशोब तपासावा लागे. मूळ रक्कम किती, व्याज किती, फेडले किती, हे सारे पाहून हप्ते बांधून देता येत. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. या कायद्याच्या अंमलावर देखरेख करण्याचे काम रानडे यांच्याकडे आले. १८८७ साली ते त्याचे विशेष न्यायाधीश झाले. गावोगाव हिंडून ते खालच्या न्यायालयांचे निकाल तपासत. या फिरतीत अनेकदा पत्नी रमाबाईही त्यांच्याबरोबर असत.

पण सावकारही हुशार होते. पैसे बुडण्याची भीती वाढली, तसे ते हात आखडू लागले. काहींनी जमीन गहाण घेण्याऐवजी थेट खरेदीखतच लिहून घेण्यास सुरुवात केली. सगळा दोष सावकाराच्या माथी मारणे सोपे होते. रानडे यांनी तसे केले नाही. बियाण्याला आणि बैलाला पैसा लागणारच, तो कमी व्याजाने कोठून मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. साऱ्याची सक्ती कमी व्हावी आणि शेतकऱ्यांसाठी बँका निघाव्यात, असे त्यांनी लिहिले. विल्यम वेडरबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यासाठी अशा बँकेची योजना आखली होती. लंडनच्या सरकारने ती नाकारली.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो १९०४ साली.