सवयींतून कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

धाराशिव, प्रतिनिधी

धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. १९९९ साली या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी पाहणी सुरू झाली. गावांचे ५२ गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यातून दिसले आणि उस्मानाबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची तपासणी का केली नाही, हा आक्षेपही त्याबरोबर गेला आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता लोकांमध्ये जाऊन कर्करोगाचा हिशेब मांडायचा, ही पद्धत आपल्याकडे कुठून आली, याचा शोध घेऊ लागले की परळच्या एका प्रयोगशाळेपाशी आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर या नावापाशी थांबावे लागते.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातील कुटुंबातला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम. डी. मिळवली. त्या काळी लंडनची पदवी हाती असलेल्या डॉक्टरला मुंबईत दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. खानोलकरांनी रुग्णांची नाडी पाहण्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी पसंत केली. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या विषयाला तेव्हा ना प्रतिष्ठा होती ना पैसा. मृत्यूनंतर रोगाचे नाव सांगणारे खाते, एवढीच त्याची ओळख होती.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळलाच टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. हिंदुस्थानात कर्करोग फारसा नाही, तो पुढारलेल्या देशांचा रोग आहे, असा समज त्या आधी बऱ्याच डॉक्टरांमध्येही होता. १९३० च्या दशकात रुग्णालयांतील नोंदी तपासल्यावर तो डळमळू लागला होता. कर्करोगाच्या वयापर्यंत माणसे जगतच नव्हती, म्हणून तो कमी दिसत होता. खानोलकर याच्या पुढे गेले. कर्करोग किती जणांना होतो, यापेक्षा कोणाला, शरीराच्या कोणत्या भागात आणि का होतो, हे त्यांना पाहायचे होते.

त्यासाठी मुंबईसारखे शहर दुसरे नव्हते. एकाच हवेत, एकाच पाण्यावर जगणारे गुजराती, दख्खनी हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती लोक येथे होते. आहार, लग्नाचे वय, व्यसने मात्र प्रत्येकाची निराळी. रुग्णालयातील नोंदी समाजवार लावल्या तेव्हा पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा जास्त, असे चित्र उमटले. देश किंवा हवामान हे त्याचे उत्तर असू शकत नव्हते. उत्तर राहणीत शोधायला हवे होते. रक्तगट आणि आनुवंशिक लक्षणे यांची पाहणीही त्यांनी डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा समाजांत केली, ती १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

त्यांच्या १९४५ च्या एका निबंधाचा उल्लेख येथे करायलाच हवा. सूर्याबाई या सहकाऱ्यासमवेत लिहिलेल्या त्या निबंधात रूढींमुळे होणारे तीन नवे कर्करोग भारतातून जगासमोर आले. पहिला आंध्र किनाऱ्यावरचा. तेथे चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात, विशेषतः बायका. गाठ येते ती टाळूवर. दुसरा खैनीचा. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठामागे दाबून ठेवणाऱ्यांना तेथेच व्रण होतो. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेले धोतर, घाम आणि घर्षण यांनी कातडीचा रंग उडतो, व्रण पडतो आणि क्वचित त्याचा कर्करोग होतो. मराठवाड्यातील वाचकाला यात परके काही वाटणार नाही. चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री आपल्या घराघरांत होती, अजूनही आहे. जिथे सवय, तिथे गाठ, हे नाते त्यांनी शरीरावर बोट ठेवून दाखवले.

तंबाखूचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणे व खाणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधावरचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा आपल्याकडे १९७५ मध्ये झाला आणि महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२ मध्ये. मधल्या वर्षांत आणखी पुरावा मागितला जात होता; परळच्या कपाटात तो पडून होता.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. इमारतीपेक्षा माणसे जमवण्याची त्यांची हातोटी मोठी होती. पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकून त्या परळला परतल्या आणि पुढे केंद्राच्या संचालक झाल्या. डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग उभा केला. स्त्रियांना प्रयोगशाळेत जागा देणे तेव्हा सहज घडत नसे, हे लक्षात घेतले तर या यादीचे महत्त्व कळते. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत नसांमध्ये काय घडते, यावरही खानोलकरांचे स्वतःचे संशोधन आहे. कर्करोगाच्या गाजावाजात ते मागे पडले.

अणुयुगाचा प्रश्नही त्यांच्या दारी आला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. वाऱ्याबरोबर पसरलेल्या धुळीत किरणोत्सारी आयोडीन होते. मानेतील थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून साठवते. ते साधे आहे की किरणोत्सारी, हा भेद तिला कळत नाही. जवळच्या राँगेलॅप बेटावरील मुलांच्या थायरॉइडमध्ये गाठी दिसू लागल्या त्या १९६३ पासून. किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये जी वैज्ञानिक समिती नेमली, तिच्यात भारताचे प्रतिनिधित्व खानोलकरांनी केले. देशात अणुऊर्जा आयोगाच्या जीवशास्त्र व वैद्यकविषयक सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते.

ग्रंथीचा हाच भाबडेपणा उपचाराच्याही कामी येतो. थायरॉइडचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढल्यावर मागे राहिलेल्या पेशी किरणोत्सारी आयोडीन स्वतःहून ओढून घेतात आणि त्यानेच नष्ट होतात. त्याची मात्रा दर आठ दिवसांनी निम्मी होत जाते. या उपचाराचे देशातील एक प्रमुख केंद्र, विकिरण वैद्यक केंद्र, १९६३ मध्ये परळलाच, टाटा रुग्णालयाच्या इमारतीत सुरू झाले. गळ्याची गाठ घेऊन धाराशिव किंवा लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस अखेर ज्या रस्त्यावर पोहोचतो, त्याच रस्त्यावर खानोलकरांचे बहुतेक आयुष्य गेले.

मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद (१९६० ते १९६३), आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान आणि पद्मभूषण असे सारे काही त्यांना मिळाले. १९६६ मध्ये त्यांचे संशोधन केंद्र आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंद ठेवणे मुंबईत सुरू होऊन दीड दशक झाले होते. खेड्यांची नोंद मात्र नव्हती. ती १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. ग्रामीण भागाची देशातील ती पहिली नोंदणी. गावोगाव फिरून लोकांची मने वळवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावरच ती चालली आणि उस्मानाबादची पाहणी त्याच पायावर उभी राहिली.

संशोधन केंद्राचा कारभार पुढे नवी मुंबईत खारघरला गेला. तेथील प्रयोगशाळांच्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे.