डवटेल, कप्पी आणि ब्रुनेलसाहेब

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये माझा डवटेल जॉइंट इतका सैल झाला की जॉब हातात घेताच दोन तुकडे वेगळे! नंतर कळलं, डवटेल जिग नावाची कंगव्यासारखी पट्टी मिळते. राउटर तिच्या दात्यांतून फिरवायचा. आकार जिग सांभाळते, हात नाही. हीच कल्पना दोनशे वर्षांपूर्वी कारखानाभर वापरली मार्क ब्रुनेल यांनी. (इझम्बार्ड ब्रुनेलचे वडील.)

जन्म १७६९, फ्रान्स. राज्यक्रांतीत राजाची बाजू घेतली म्हणून १७९३ मध्ये अमेरिकेला पळाले. १७९९ मध्ये इंग्लंडला आले. ब्रिटिश आरमाराला शिडांच्या दोरांसाठी वर्षाला सुमारे १,००,००० लाकडी कप्प्या लागायच्या. ब्रुनेल यांनी भोक, खाच, गोलाई असं प्रत्येक काम वेगळ्या मशीनला वाटून दिलं. मशीन्स बनवली हेन्री मॉडस्ले यांनी. १८०८ मध्ये पोर्ट्समथला १,३०,००० कप्प्या निघाल्या. ११० कुशल कारागिरांचं काम १० साधे मजूर करू लागले. उरलेल्या शंभर जणांचा विचार मनात येतोच.

पैशाच्या बाबतीत मात्र साहेब आपल्यासारखेच, कायम मेस बिल थकलेले! १८१४ मध्ये बॅटरसीची सॉ-मिल जळाली. सैन्यासाठी केलेले बूट युद्ध संपल्यावर पडून राहिले. १८२१ मध्ये कर्जापायी तुरुंग. पत्नी सोफियाही तिथे सोबत राहिल्या. शेवटी सरकारनं ५,००० पौंड देऊन सोडवलं.

मग त्यांनी टेम्स नदीखालून बोगदा काढला. १८२५ ला काम सुरू, १८४३ ला पूर्ण. १८४९ मध्ये ते गेले. त्या बोगद्यातून आजही ट्रेन जाते.