खानदेशचे बालकवी : त्र्यंबक बापूजी ठोमरे

स्मरणिकेच्या पानांतून दरवर्षी विद्यार्थ्यांचे यश, नव्या नेमणुका व विवाह यांची वार्ता येत असते, आणि ती यावीच. परंतु परीक्षेच्या यादीत ज्याचे नाव झळकले नाही, नोकरीत जो स्थिरावला नाही आणि ज्याला पुरती अठ्ठावीस वर्षेही आयुष्य लाभले नाही, अशा एका खानदेशी तरुणाची हकीकत यंदा ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावी असे आम्हांस वाटले. मुलगा अभ्यासाचे पुस्तक मिटून कविता लिहीत बसला म्हणजे आईबापांच्या पोटात जो गोळा उठतो, तो आमच्याही परिचयाचा आहे.

त्र्यंबकचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगाव येथे झाला. वडील बापूराव पोलीस खात्यात नोकरीस. तेव्हा बदली आली की बिऱ्हाड गाडीत घालावयाचे आणि नव्या गावी नवी शाळा शोधावयाची, असे त्या घराचे जिणे होते. अशाने शिक्षणाची घडी बसणार कशी? इंग्रजी शिक्षण तर फारसे झालेच नाही. पुढे टीकाकारांनी त्यांच्या निसर्गप्रेमाची तुलना वर्ड्स्वर्थसारख्या आंग्ल कवींशी केली. पण त्यांचे खरे विद्यापीठ घरातच होते. थोरली बहीण जिजी हिला जुन्या काव्याची गोडी होती. पंडितकवींचे श्लोक व ओव्या तिच्या तोंडून ऐकत त्र्यंबकचा कान तयार झाला. वृत्ताची मात्रा बोटांवर मोजण्यापूर्वी ती कानांत बसली, हे त्यांची कोणतीही कविता मोठ्याने वाचली असता सहज ध्यानात येते.

या भटकंतीत नवापूर हे गाव त्यांच्या वाट्यास आले. पूर्वी पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात आणि 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेले हे गाव रंगावली नदीच्या काठी, गुजरातच्या सीमेलगत वसले आहे. डोंगर, झाडी आणि भरपूर पाऊस! वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी त्यांनी ‘वनमुकुंद’ ही पहिली कविता रचली ती याच गावी. आमचे तर असे मत आहे की, ज्याने जळगाव-भुसावळकडील वैशाख सोसला आहे, तापलेली काळी जमीन भेगाळताना पाहिली आहे, त्यालाच श्रावणाचे मोल खरे कळते. ‘श्रावणमास’ या कवितेतील हर्ष कोकणच्या कवीचा नव्हे. तो पावसाची वाट पाहिलेल्या माणसाचा आहे. वाचकांनी हे वाटल्यास आमचे प्रांताभिमानी वेड समजावे.

1907 साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. मराठी कवींचे असे हे पहिलेच संमेलन. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मोठमोठ्या नामवंतांच्या त्या मेळाव्यात सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगेला तरुण उभा राहिला, त्याने आपली कविता म्हटली, आणि सभा थक्क झाली. अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. ठोमरे हे आडनाव पुढे मागे पडले ते पडलेच.

परंतु त्या दिवशी पदवीहूनही मोठी गोष्ट घडली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची व या मुलाची गाठ पडली, आणि पुढे टिळकांनी त्यास अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. 1907 च्या सुमारास ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या घरी राहावे, म्हणजे काय लोकापवाद पत्करावा लागत असेल, याची कल्पना वडीलधाऱ्या वाचकांस सहज येईल. टिळकांनी या मुलाला धर्म बदलावयास लावले नाही, आणि ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. त्या घरात त्यांना कविता मिळाली आणि लक्ष्मीबाईंच्या रूपाने दुसरी आई मिळाली. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांची आठवण घरच्या मुलासारखी काढली आहे. मुलांत मूल होऊन खेळावे, क्षुल्लक कारणावरून रुसावे, आणि रुसवा विसरून पुन्हा हसत यावे, असा त्यांचा स्वभाव.

लेखनाची रीतही स्वभावासारखीच लहरी. ठरावीक वेळी बसून रोज अमुक ओळी लिहिणारा हा लेखक नव्हे. सुचले की एका झपाट्यात लिहावे आणि ओघ आटला की कविता तशीच सोडून द्यावी. त्यामुळे त्यांच्या कित्येक कविता अपुऱ्या राहिल्या. वाङ्मयाच्या दृष्टीने ही हानीच. मात्र जे पूर्ण झाले ते पाहावे! ‘औदुंबर’ ही केवळ आठ ओळींची कविता. तिच्या अर्थाविषयी पंडितांचे वाद अद्याप मिटलेले नाहीत. ‘फुलराणी’ व ‘अरुण’ यांतला उल्हास बहुतेकांस ठाऊक असतो. पण ‘पारवा’ किंवा ‘शून्य मनाचा घुमट’ ही शीर्षकेच सांगतात की, या हसऱ्या मुलाच्या मनात अंधारही दाटून येत असे. पैशाची चणचण, कुटुंबाचा भार, पत्नी पार्वतीबाई यांच्याशी न जुळलेला संसार, यांनी तो वाढविला असावा. पुण्यास राम गणेश गडकऱ्यांसारखा जिवलग मित्र लाभला, तरी पोटापाण्याची विवंचना काही सुटली नाही. आनंदाचा कवी म्हणून त्यांचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

5 मे 1918 रोजी जळगावनजीक भादली स्थानकापाशी रूळ ओलांडताना ते मालगाडीखाली सापडले. वय सत्तावीस. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी गेले, आणि 9 मे 1919 रोजी टिळकही गेले.

जळगावहून भुसावळकडे जाताना भादली लागते. स्थानक लहान, जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. खिडकीशी बसले तर पाटी मात्र वाचता येते.