आंबा, आम, मांपळम... पण विज्ञानात नाव एकच! ते ठेवणारा कार्ल लिनियस कोण होता?

मराठीत आंबा, हिंदीत आम, तमिळमध्ये मांपळम. बाजारात गेलात तर त्यातही हापूस, पायरी, केशर. पण जगभरातले शास्त्रज्ञ या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतात – मँजिफेरा इंडिका. हे नाव १७५३ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने ठेवलं. विशेष म्हणजे तो भारतात कधीच आला नव्हता. मग हे जमलं कसं? समजून घेऊया.

झाडावरून आलेलं आडनाव

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट गावात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. घराण्याच्या जमिनीवरच्या लिंडन वृक्षावरून त्यांनी हे आडनाव घेतलं होतं. मुलानेही धर्मगुरू व्हावं, अशी घरच्यांची इच्छा होती. पण त्याचं मन बागेतच रमायचं. अखेर तो वैद्यकशास्त्राकडे वळला. तेव्हा बहुतेक औषधं वनस्पतींपासून बनत, त्यामुळे डॉक्टरला झाडं ओळखता येणं गरजेचंच होतं.

अडचण नेमकी काय होती?

त्या काळी वनस्पतीचं नाव म्हणजे लॅटिनमधलं अख्खं वर्णन असे. पानं कशी, त्यावर लव आहे का, दांडा गोल आहे का, सगळं नावातच. नवीन रोप सापडलं की जुन्या नावात आणखी शब्दांची भर पडायची.

लिनियसने नाव आणि वर्णन वेगळं केलं. नाव फक्त दोन शब्दांचं: पहिला प्रजातीच्या गटाचा म्हणजे कुळीचा, दुसरा त्या विशिष्ट जातीचा. म्हणूनच वड हा फायकस बेंगालेन्सिस, तर पिंपळ फायकस रिलिजिओसा. पहिला शब्द पाहूनच दोघं जवळचे आहेत हे कळतं. फोनमध्ये फोल्डरच्या आत फोल्डर असतात, तशी सृष्टी, वर्ग, गण, कुळी, जाती अशी उतरंडही त्याने लावली. १७५३ चा वनस्पतींवरचा आणि १७५८ चा प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ हीच आजच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात मानली जाते.

भारताशी संबंध काय?

भारतातल्या अनेक वनस्पती लिनियसला कळल्या त्या 'हॉर्टस मलबारिकस' या १२ खंडांच्या ग्रंथातून. केरळमधल्या झाडांची ही माहिती डच अधिकारी व्हॅन रीडने १७ व्या शतकात जमवली होती. त्यामागे इट्टी अच्युतन या स्थानिक वैद्याचं ज्ञान होतं. वैज्ञानिक नावापुढे लिनियसचं आद्याक्षर लागतं, अच्युतनचं लागत नाही.

तो कुठे चुकला?

लिनियसने माणसालाही प्राण्यांच्याच यादीत, माकडांशेजारी बसवलं आणि त्याला होमो सेपियन्स हे नाव दिलं. त्या काळात हे धाडसच होतं. पण त्याच ग्रंथात त्याने खंड आणि त्वचेच्या रंगावरून माणसांचे प्रकार पाडले, त्यांना स्वभावही चिकटवले. युरोपीय हुशार, आफ्रिकी आळशी, असा तो प्रकार होता. पुढे वंशवादाला 'विज्ञाना'चा आधार मिळाला, त्यात या वर्गवारीचाही वाटा होता. आज विज्ञानाने ती पूर्णपणे नाकारली आहे.

शेवट

१७७६ मध्ये आलेल्या पक्षाघाताच्या झटक्याने त्याची स्मृती गेली. स्वतःचीच पुस्तकं वाचून तो खूश व्हायचा, पण ती आपण लिहिली आहेत हे त्याला ओळखता येत नसे. १० जानेवारी १७७८ रोजी उप्सालामध्ये त्याचं निधन झालं.

माणसांची त्याने केलेली विभागणी विज्ञानाने पुसून टाकली. दोन शब्दांची पद्धत मात्र टिकली. आजही नवी जाती सापडली, की तिचं नाव याच पद्धतीने ठेवलं जातं.