कानातले गहाण ठेवून शिलाई मशीन घेतलं, आणि दुकानातून रिकाम्या हाती परतणाऱ्या बायकांना मापाचे कपडे दिले

जीन्स घ्यायला गेलं की विषय ठरलेला असतो. कंबरेला बसली तर मांडीत अडकते. मांडीत बसली तर कंबरेत मागून हातभर फट पडते. एक नंबर मोठी घ्यावी तर गुडघ्याखाली ढगळ होते आणि लांबी टाचेखाली लोळते. ट्रायल रूममध्ये पाच-सहा जीन्स घालून बघितल्यावर बाहेर पडताना बहुतेक बायका कंपनीला शिव्या न घालता स्वतःच्या वजनाला घालतात.

पण चूक शरीराची नसून मापाची असते. हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईच्या लक्षात आलं होतं, आणि त्याच जोरावर तिने अमेरिकेतली मोठी कपड्यांची कंपनी उभी केली. कंपनीचं नाव लेन ब्रायंट. बाईचं नाव मात्र लेन नव्हतं. ती होती लीना. नावाचा हा घोटाळा कसा झाला तो किस्सा पुढे येईलच.

लीना हिमेलस्टाईनचा जन्म लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबातला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. आई तिच्या जन्मानंतर लगेचच गेली, पोर आजी-आजोबांनी वाढवली. १८९५ मध्ये, सोळा-सतरा वर्षांची असताना, लांबच्या नातेवाईकांसोबत ती बोटीने न्यूयॉर्कला निघाली. तिकिटाचे पैसे त्यांनीच भरले होते. आता एवढी माया कशासाठी, तर त्यांना आपल्या मुलासाठी बायको हवी होती आणि ती त्यांनी परस्पर ठरवून टाकली होती. हे कळल्यावर लीनाने सरळ नकार दिला. परक्या देशात, हातात पैसा नाही, भाषा येत नाही, तरी नकार दिला.

बहीण आधीच न्यूयॉर्कला आलेली होती, तिच्याकडे ती राहिली. बायकांचे आतले कपडे शिवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. पगार आठवड्याला १ डॉलर. मशीन चालवायला शिकली, इंग्रजी शिकली, आणि चारेक वर्षांत आठवड्याला १५ डॉलरपर्यंत पोचली. त्या काळी कारखान्यातल्या पोरीसाठी ही रक्कम भारी होती.

१८९९ मध्ये तिने डेव्हिड ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी लग्न केलं आणि नोकरी सोडली. पुढच्या वर्षी मुलगा झाला, राफाएल. सगळं मार्गाला लागलं असं वाटत असतानाच डेव्हिड क्षयाने गेला. मूल अंगावर पिणारं, घरात कमावणारं कुणी नाही. नवऱ्याने लग्नात दिलेले हिऱ्याचे कानातले तेवढे शिल्लक होते. ते गहाण टाकून तिने मशीनचा पहिला हप्ता भरला आणि घरीच शिवणकाम सुरू केलं.

हात चांगला होता. लग्न ठरलेल्या मुलींचे कपडे, घरात घालायचे झगे, रेशमी आणि लेसचं काम, यात तिचं नाव झालं. १९०४ मध्ये तिने फिफ्थ अव्हेन्यूवर, हार्लेमच्या बाजूला, एक जागा भाड्याने घेतली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

आता नावाचा किस्सा. धंदा वाढवायला बहिणीच्या नवऱ्याने ३०० डॉलर उसने दिले. ते घेऊन लीना आयुष्यात पहिल्यांदा बँकेत खातं उघडायला गेली. घाबरलेली होती. फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिताना शेवटची अक्षरं इकडची तिकडे झाली. एल-ई-एन-ए च्या जागी एल-ए-एन-ई असं लिहून बसली. चूक लक्षात आली तेव्हा बँकेत जाऊन सांगायची लाज वाटली. मग खातं लेन ब्रायंट, म्हणून दुकानही लेन ब्रायंट.

त्याच सुमारास एक गरोदर गिऱ्हाईक तिच्याकडे आली. तिची मागणी साधी होती: अंगाला आरामही वाटेल आणि चार लोकांत घालूनही जाता येईल असा एखादा ड्रेस. आज यात काही वाटणार नाही. पण तेव्हाच्या अमेरिकेत चांगल्या घरच्या बाईने पोट दिसायला लागल्यावर बाहेर पडायचं नाही असा रिवाज होता. बाजारात गरोदर बायकांसाठी रेडिमेड कपडा जवळपास मिळतच नव्हता, कारण बाई घरातच राहणार तर कपडा कशाला?

लीनाने काय केलं, तर वरच्या भागाला खाली बारीक चुण्यांचा घेरदार स्कर्ट जोडला, आणि दोन्हींच्या सांध्यात इलॅस्टिक घातलं. पोट वाढेल तशी कंबर वाढणार, चुण्या उघडत जाणार, आणि कपडा वरून मात्र नेहमीच्या ड्रेससारखाच दिसणार. हा ड्रेस नंबर ५ या नावाने विकला जाऊ लागला. आज गरोदर बायकांच्या जीन्सला पोटावर जो रुंद इलॅस्टिकचा पट्टा असतो, त्यामागचा विचार तोच आहे.

माल खपू लागला, पण तोंडी जाहिरातीवरच. वर्तमानपत्रं गरोदरपणाच्या कपड्यांची जाहिरात छापायला तयार नव्हती, विषय अब्रूचा होता ना! शेवटी १९११ मध्ये न्यूयॉर्क हेराल्डने एक जाहिरात घेतली. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळा साठा संपला. अब्रूचा प्रश्न छापखान्याला होता, बायकांना नव्हता, एवढं त्या दिवशी कळलं.

दरम्यान १९०९ मध्ये लीनाने दुसरं लग्न केलं होतं. नवरा अल्बर्ट माल्सिन, पेशाने इंजिनियर. लीनाचं लक्ष कापडात आणि गिऱ्हाइकांत, याचं आकड्यांत. दुकानात यायला लाजणाऱ्या आणि न्यूयॉर्कपासून लांब राहणाऱ्या बायकांसाठी त्यांनी कॅटलॉग काढून पोस्टाने माल पाठवायला सुरुवात केली. १९१७ पर्यंत पोस्टाचाच धंदा वर्षाला १० लाख डॉलरच्या पुढे गेला.

आणि इथेच खरा विषय सुरू होतो.

नंबर ५ आणि त्यासारखे कपडे गरोदर नसलेल्या बायकाही मागू लागल्या. त्या जाड होत्या. त्यांना कुठल्याच दुकानात मापाचं काही मिळत नव्हतं आणि लीनाचा कपडा तेवढा अंगाला सोसत होता. म्हणजे गिऱ्हाईक होतं, पैसा होता, कपडा नव्हता. का नव्हता?

कारण पुरुषांच्या रेडिमेड कपड्यांची मापं फौजेतून आली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो सैनिकांना गणवेश द्यायचे म्हणून त्यांची मापं घेतली गेली, त्यातून नंबर बसले. बायकांची अशी मापं कुणी घेतलीच नव्हती. बायकांचा कपडा छातीच्या एका मापावरून कापला जायचा, बाकी सगळं अंदाजपंचे. छातीचं ३६ इंच हे आदर्श माप मानलं जायचं. त्याहून मोठी बाई असली तर तोच कागद सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढवायचा. पण माणूस सगळीकडून सारख्या प्रमाणात वाढत नाही. पोट सुटलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही, सीट भरली म्हणून हात लांब होत नाहीत. मग खांदा उतरायचा, बाही लोंबायची, आणि जिथे खरोखर जागा हवी तिथे शिवण उसवायची.

साध्या गल्लीतल्या शिंप्यालाही हे कळतं, म्हणून तो कंबर, सीट, मांडी, आसन अशी मापं वेगवेगळी लिहून घेतो. कारखान्याला हे लिहून घेणारा कुणी नव्हता.

लीना आणि अल्बर्टने ते काम हातात घेतलं. दुकानात येणाऱ्या सुमारे ४,५०० बायकांची मापं घेतली. तेवढ्यावर भागेना, म्हणून एका विमा कंपनीकडून आणखी सुमारे २ लाख बायकांचे आकडे मिळवले. विमा काढताना लोकांची उंची-वजनं नोंदवली जातात, ती अशी कामाला आली. या सगळ्याचा हिशोब मांडल्यावर त्यांना दिसलं की जाड बाई असा एकच प्रकार नसतो. ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. वजन तेच असेल, पण ते कुठे बसलंय यावर कपडा ठरतो. त्या तिन्ही प्रकारांसाठी त्यांनी वेगवेगळे कपडे कापायला घेतले.

कंपनीचं नशीब यानेच पालटलं. १९२३ मध्ये विक्री ५० लाख डॉलरवर गेली होती आणि जाड बायकांच्या कपड्यांनी गरोदरपणाच्या कपड्यांना मागे टाकलं होतं. ज्या दशकात फॅशनमध्ये सरळसोट, काटकुळ्या बांध्याची चलती होती, त्याच दशकात हे घडत होतं. त्याच वर्षी अल्बर्टचा मृत्यू झाला. लीना दुसऱ्यांदा विधवा झाली. या वेळी मात्र तिच्यामागे कंपनी होती.

लीनाला देवी करून टाकायचं कारण नाही. तिच्या कंपनीच्या जाहिराती बाईला मापाचा कपडा तर द्यायच्याच, पण तो घातल्यावर तुम्ही सडपातळ दिसाल हेही ठासून सांगायच्या. गुबगुबीत मुलींच्या कपड्यांना तर सरळ चबी असं नाव होतं. ज्या लाजेमुळे गिऱ्हाईक दुकानात यायला कचरायचं, त्याच लाजेवर धंद्याचा एक पाय होता. तरीही अंगाला बसणारा कपडा हातात पडत होता, हेही खरंच. आणि तो दुसरीकडे मिळत नव्हता.

कारखान्यात १ डॉलरवर राबलेली पोर मालकीण झाल्यावर नोकरांशी कशी वागली, हे बघण्यासारखं आहे. नफ्यातला वाटा, पेन्शन, विमा, दवाखान्याचा खर्च अशा सोयी तिच्या कंपनीत सुरू झाल्या. कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा २५ टक्के कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवले होते. १९४७ मध्ये टेक्सास सिटीच्या बंदरात जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसं मेली, घरं जळाली. तिथे लेन ब्रायंटची पोस्टाने कपडे मागवणारी गिऱ्हाइकं होती. ज्यांचे कपडे जळाले त्यांना कंपनीने सगळे नवे देऊ केले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या निर्वासितांसाठीही तिच्या दुकानांतून कपडे गोळा झाले.

लीनाच्या हयातीतच बायका स्कर्टमधून पॅंटमध्ये येऊ लागल्या होत्या. लीवायजने बायकांसाठी खास जीन्स काढली १९३४ मध्ये. युद्धात लाखो बायका कारखान्यांत पॅंट घालून उभ्या राहिल्या. आणि मापाची अडचण दुप्पट झाली. स्कर्ट कंबरेला बसला की खाली लोंबतो, सीट थोडी कमीजास्त असली तरी चालून जातं. पॅंटला दोन पायांच्या मधून जायचं असतं. कंबर, सीट, मांडी आणि आसन, चारही मापं जुळली तरच ती बसते. एक चुकलं की खाली बसताना कळतं. त्यात जुनी डेनिम म्हणजे जाड, न ताणली जाणारी. जीन्सच्या कापडात ताण देणारा धागा बऱ्याच नंतर आला.

माल्सिन दांपत्याने एका दुकानात केलेलं काम मग सरकारने देशभर केलं. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने रूथ ओब्रायन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं, कंबरेपासून मांडीपर्यंत सगळी. पण हिशोबात फक्त गोऱ्या बायका धरल्या. बाकीच्यांची मापं घेतली तरी बाजूला टाकली. म्हणजे पुन्हा एकदा अर्धवटच.

२६ सप्टेंबर १९५१ ला लीनाचा मृत्यू झाला. तेव्हा कंपनीत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं होती आणि वर्षाची विक्री ५ कोटी डॉलरच्या घरात होती. अंगावर पिणारा म्हणून जो सुरुवातीला आला तो राफाएल तेव्हा कंपनीचा अध्यक्ष होता.

ती गेल्यावर सात वर्षांनी, १९५८ मध्ये, सरकारने त्या मापांवरून बायकांच्या कपड्यांचं स्टँडर्ड जाहीर केलं. त्यासाठी आग्रह पोस्टाने माल विकणाऱ्या कंपन्यांचाच होता, कारण न बसलेला कपडा परत आला की भुर्दंड त्यांना पडायचा. त्यात ८ ते ३८ असे नंबर होते. पण नुसता नंबर नव्हता. उंच, मध्यम की बुटकी यासाठी एक अक्षर, आणि सीट भरलेली आहे, सपाट आहे की साधारण यासाठी अधिक-उण्याची खूण. थोडक्यात, तीच बाई वजनाने नाही तर बांध्याने ओळखायची, हा विचार सरकारी कागदावर आला होता.

तो टिकला नाही. एकेका नंबरचे इतके प्रकार म्हणजे दुकानदाराला मांडणीवर तेवढा जास्त माल. १९८३ मध्ये ते स्टँडर्ड मागेच घेतलं गेलं. त्याआधी वर्षभर, १९८२ मध्ये, लेन ब्रायंट कंपनीही दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. स्टँडर्ड गेल्यापासून कुठल्या कंबरेला कुठला नंबर म्हणायचा हे ज्याची त्याची कंपनी ठरवते, आणि सीटची खूण तर लेबलवरून कधीच गायब झाली आहे. लेन ब्रायंट हे नाव मात्र अजून चालू आहे. बँकेच्या फॉर्मवर चुकलेलं स्पेलिंग कुणी दुरुस्त केलेलं नाही.